अकरा सेकंदांनंतर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोईसरला स्टेशनच्या पश्चिमेला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. सकाळी तिथे पेशंट बघतो आणि दुपारी दोननंतर, ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्या घरी जातो. एमआयडीसीमुळे अशा लोकांची आमच्याकडे वानवा नाही. मशीनमध्ये सापडलेली बोटं, पत्र्यावरून पडून मोडलेले मणके, टँकरखाली आलेले पाय. सोळा वर्षं मी हेच करतोय. प्रत्येक पेशंटची एक वही ठेवतो आणि तिच्यात फक्त मोजता येईल ते लिहितो. सांधा किती अंशांत वाकला, तोल किती सेकंद राहिला, पावलं किती पडली. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्या वह्यांमध्ये नाही.

दर्पण तांडेल घिवलीचा. घरची पिढ्यान् पिढ्या मासेमारी, थोरला भाऊ अजून बोट चालवतो. दर्पणने मात्र आयटीआय केलं आणि तारापूरच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला. त्याचं नाव आजूबाजूच्या प्लांटमध्येही माहीत होतं, कारण त्याचा कान. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, हे अजून तीन आठवडे चालेल. आणि ते तीन आठवडेच चालायचं.

साडेचार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका पाइपलाइनचा जोड फुटला. वाफेच्या झोताने तो अठरा फुटांवरच्या प्लॅटफॉर्मवरून खाली काँक्रीटवर पडला. कमरेचा पहिला मणका फुटला. मुंबईत ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसवले, आणि डिसेंबरात त्याला घरी आणलं तेव्हा गुडघ्यांच्या खाली त्याला काहीच कळत नव्हतं. स्फोटही आठवत नव्हता. त्या दिवशी सकाळी घातलेला शर्ट आठवत होता, पण त्यापुढचं सगळं कोरं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो खिडकीशी खाटेवर पडला होता. खिडकीतून वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसत होते आणि त्यांच्या पलीकडे अणुकेंद्राची चिमणी. आई हंसाबाई माझ्यासाठी खुर्ची पुसत होत्या. मी त्याचे पाय हलवून बघितले, व्यायाम समजावून सांगितले. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, बंद मशीनला कोण तेल नाय घालत."

ट्यूनिंग फोर्क तुम्ही शाळेत बघितला असेल. आमच्या कामात त्याचा एक उपयोग असतो. तो वाजवून त्याची दांडी पेशंटच्या घोट्याच्या हाडावर टेकवायची आणि थरथर कळते का ते विचारायचं. पायाकडून मेंदूकडे जाणारी वाट किती शाबूत आहे याचा त्यावरून अंदाज येतो. मी दर पंधरा दिवसांनी दर्पणच्या दोन्ही घोट्यांवर तो टेकवत असे. कळतंय का? नाय. वहीत मी शून्य लिहायचो.

जिवलीला मी आधी नुसतं पाहत होतो. मनोरच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथली ती. भात कापून झालं की दरवर्षी हंसाबाईंकडे बोंबील वाळवायच्या कामाला यायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत आवारातल्या झोपडीत राहायची. पंचेचाळिशीची असेल. कमी बोलायची. जानेवारीत एकदा मी घोट्यावर फोर्क टेकवत असताना ती दारात सूप घेऊन उभी होती. माझं आवरल्यावर तिने विचारलं, ते वाजतं ते पायाला ऐकू जातं का. मी म्हटलं, जायला पाहिजे, पण जात नाही.

दुसऱ्या खेपेला तिने झोपडीतून एक काशाची थाळी आणली होती. तिच्या वडिलांची. ते वारल्यावर ती पाड्यावर ठेवायला तिचं मन धजत नव्हतं, म्हणून दरवर्षी बोचक्यात बांधून बरोबर आणायची. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा आणि त्यात रोवलेली हातभर लांबीची वाळकी काडी. दोन्ही हातांच्या चिमटीत काडी धरून वरून खाली ओढत आणली की थाळी घुमू लागते. आवाज मोठा नसतो. पण तो कानाला ऐकू यायच्या आधी छातीत येतो.

हंसाबाईंना ते मुळीच चाललं नाही. ही थाळी डोंगरातले लोक कोणी मेलं की वाजवतात, मेलेल्याला वाट दाखवायला, हे त्यांना ठाऊक होतं. माझा मुलगा जिवंत आहे, असं त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या. जिवलीने थाळी चुंबळीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "पाय मेलेत बोलतो ना तो. मंग पायांना वाट दाखवायची."

मी हरकत घेतली नाही. कंपनांनी काही बिघडत नसतं, झाला तर थोडा फायदाच. तिने थाळीची कड दर्पणच्या उजव्या टाचेला टेकवली आणि काडी ओढू लागली. मला सवयच आहे, म्हणून मी घड्याळ लावलं. तिने हात काढून घेतल्यावर थाळीचा घुमारा अकरा सेकंद टिकला. पुन्हा वाजवली, पुन्हा अकरा. काशाचा धर्मच तो.

ती रोज वाजवत राहिली. सकाळी बोंबील उलटून झाल्यावर अर्धा तास, उतरत्या उन्हात अर्धा तास. दर्पणने आधी केवळ तिचं मन राखायला होकार दिला होता. मग तो डोळे मिटून ऐकू लागला, पंप ऐकायचा तसा. सतरा फेब्रुवारीला मी फोर्क टेकवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं. त्याने उजव्या पायाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तिकडे. लांब. दुसऱ्या गावात बोट सुरू केल्यासारखं."

वहीत त्या दिवशी मी पहिल्यांदा शून्याऐवजी एक लिहिला.

त्यानंतर त्या माणसाने जे केलं ते मी सोळा वर्षांत दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही. दिवसाला सहा तास व्यायाम. खाटेच्या कडेला बसणं, मग दोरीला धरून उठणं, मग पायांना आधाराचे कॅलिपर बांधून वॉकरवर उभं राहणं. पडायचा, आणि हंसाबाई धावत आल्या की त्यांना हाताने थांबवायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी जिवली पाड्यावर परतली तेव्हा थाळी त्याच्यापाशी ठेवून गेली. सप्टेंबरात तो जाळी ठेवायच्या शेडपर्यंत, एकोणतीस पावलं, काठी घेऊन एकटा गेला. दसऱ्यानंतर जिवली परत आली, तर तो आवाराच्या फाटकात उभा होता. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोचकं खाली ठेवलं आणि त्याच्या दोन्ही पावलांना हात लावून पाहिला, ऊन आहेत का म्हणून.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जवळच्या माहीमची एक बाई आली, पाम गावचा रिक्षावाला आला, कंपन्यांमधले कामगार रविवारी येऊ लागले. दर्पणने जाळ्यांची शेड रिकामी करून घेतली. तो जमिनीवर बसायचा, कॅलिपर बांधलेले पाय पुढे पसरून. एक हात थाळीच्या कडेवर, एक हात समोरच्याच्या हाडावर. काडी जिवली ओढायची. कोणालाही तो बरं करतो म्हणाला नाही. आधी एक्स-रे दाखवा, डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करता का ते सांगा, हे त्याचे पहिले दोन प्रश्न. माझे व्यायाम तो माझ्यापेक्षा कडकपणे करून घ्यायचा. संध्याकाळी शेडमधून बाहेर पडताना त्याचा चेहरा राखेसारखा झालेला असे. मी विश्रांतीचं बोललो की म्हणायचा, ह्या पायांनी दुसरं काय काम होणार होतं.

माझ्या वहीतले आकडे सुधारत होते. ती सुधारणा म्हणजे बरं होईन या विश्वासाचा परिणाम, असं मी म्हणत होतो, आणि अजूनही बऱ्याच जणांच्या बाबतीत तसंच म्हणेन.

मग हेतल आली.

ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका. पास्थळजवळच्या वळणावर तिच्या स्कूटीला टँकरने उडवलं होतं. कोपर जुळून सात महिने झाले होते, एक्स-रे स्वच्छ होता, तरी हात साठ अंशांपुढे वाकत नव्हता. त्या दिवशी मी तिथेच होतो. दुपारचे साडेतीन. बाहेर हंसाबाई बोंबलांवरचे कावळे हाकत होत्या. जिवलीने काडी ओढली, थाळी घुमली, तिने हात काढून घेतले. मी सवयीने मोजत होतो.

अकरा. बारा. तेरा.

घुमारा विरला नाही. तो बारीक झाला आणि त्याच्या आतून दुसरं काहीतरी वर येऊ लागलं. आधी हवेचा एक लांब फुस्कारा, टँकरचा ब्रेक लागताना येतो तसा. मग पत्रा चेपल्याचा आवाज. मग काहीतरी स्टीलचं डांबरावर गडगडत लांब गेलं, आणि त्याचं झाकण गोल गोल फिरत, फिरत, निजलं.

हेतल डोळे मिटूनच म्हणाली, "माझा डबा."

एकेचाळीस सेकंद. मग शेडमध्ये फक्त कावळे. ती त्या डब्याविषयी तोवर कोणालाच काही बोलली नव्हती, तिला तो आठवतच नव्हता. तिने हात उचलून केस मागे सारले. मी कोन मोजला. एकशे दहा.

मी दर्पणकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. सगळ्यांचं निघतं, पण तुम्हाला आजवर ऐकू येत नव्हतं, असं तो म्हणाला. त्याचा स्वतःचा स्फोट जिवलीने असाच थोडा थोडा करून काढला होता, फेब्रुवारी ते मे. अपघाताचा आवाज हाडात अडकतो आणि मग हाड दुसरं काही ऐकत नाही. एवढंच त्याला कळलं होतं. का आणि कसं, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि ते शोधायची त्याला गरज वाटत नव्हती.

मी पुढचे दोन महिने ऐकत राहिलो. फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर त्यात अकरा सेकंदांचा घुमारा आणि नंतर वारा. पण शेडमध्ये बसलं की ऐकू यायचं. एका बिहारच्या कामगाराच्या मनगटातून प्रेस मशीनचा ठोका आला आणि मागोमाग कोणीतरी त्याला हाक मारली. तो मान खाली घालून म्हणाला, "यही आवाज़ था." आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याने मूठ मिटली.

मार्चमध्ये मला एक साधी गोष्ट सुचली. कोणत्याही प्रयोगात निरोगी माणूसही तपासायचा असतो. मला आयुष्यात कधी अपघात झालेला नाही. साधं प्लास्टरही कधी घातलेलं नाही. माझ्या नडगीवर थाळी ठेवली तर अकरा सेकंदांनी ती गप्प व्हायला हवी.

जिवली नको म्हणाली. दर्पणही कां कूं करत होता. आजवर धडधाकट माणसावर आपण ती कधी ठेवली नाही, असं म्हणाला. मी फारच लावून धरलं तेव्हा त्याने माझी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली.

गुरुवार होता. कोणी पेशंट उरले नव्हते. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

थाळी घुमली. जिवलीने हात काढले.

दहा. अकरा. बारा.

पाणी वाहू लागलं. समुद्र नव्हे. दगडांवरून जाणारं, खालून येणारं पाणी. त्याच्यावर लोखंडी पत्रा, आणि पत्र्यावरून पळत येणारी लहान पावलं.

मग एका मुलीचा आवाज. सहा-सात वर्षांची असेल. घाबरलेला नव्हता. खेळात सांगावं तसं ती म्हणाली, "बाबा, हात सोडू नको."

मग नुसतं पाणी.

दर्पणने तळहात थाळीवर ठेवून ती बंद केली.

माझी मुलगी उन्नती तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला अजून एक शब्दही बोलता येत नव्हता.

मी काही विचारायच्या आधी दर्पणने सांगायला सुरुवात केली. स्फोटाच्या तीन आठवडे आधी त्याने त्याच लाइनच्या पंपावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला होता. बेअरिंग ठीक होतं, पण त्याच्या मागे काहीतरी ऐकू येत होतं. वाफ, आणि वाफेत एक माणूस ओरडत होता. त्याला वाटलं बेअरिंगच जातंय. त्याने ते बदललं. जिवलीने त्याच्या पायातून स्फोट काढला तेव्हा त्याला ते ओरडणं ओळखू आलं. ते त्याचंच होतं.

"तेव्हा मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "आता ठावं हाय. तुमी दर गुरुवारी या. निघंल तेवढं काढू."

मी भावनाला, माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही. गुरुवारी घिवलीला जात राहिलो. दर्पण इतर सगळ्यांना त्या दिवशी नाही म्हणायचा आणि माझ्या नडगीशी दोन-दोन तास बसायचा. त्याच्या पोटऱ्या नंतर इतक्या कापायच्या की हंसाबाई त्या दाबून धरत. मी थांबूया म्हटलं की तो ऐकायचा नाही. वहीत मी नोंदी केल्या. पन्नास सेकंद. त्रेचाळीस. सदतीस. आधी पाणी गेलं. मग पावलं गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात फक्त तिचं वाक्य उरलं, आणि ते काही केल्या निघेना.

"ते तुमचं नाय," दर्पण अखेर म्हणाला. "तिचं हाय. तिला घेऊन या."

भावनाला सांगावं लागलं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकलं आणि गाडीची किल्ली घेतली.

हंसाबाईंनी उन्नतीला मांडीवर घेतलं. मी शेजारी बसलो, माझा उजवा हात तिच्या पाठीखाली. जिवलीने थाळीची कड तिच्या इवल्या टाचेला लावली. दर्पणने डोळे मिटले.

काडी खाली आली. उन्नती हसली.

हात निघाले.

नऊ. दहा. अकरा.

गप्प.

पुन्हा वाजवली. अकरा. मग माझ्या नडगीवर. तिथेही अकरा, स्वच्छ. जिवलीने थाळी उलटी करून चुंबळीवर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. दर्पण मागे भिंतीला टेकला होता, घामाने चिंब, आणि हसत होता. त्याला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतताना भावनाने गाडी चालवली. उन्नती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. घरी पोचल्यावर हात धुताना मनगटाकडे लक्ष गेलं.

उजव्या मनगटाच्या वरच्या बाजूला लहान मुलाच्या चार बोटांचे वळ होते. आतल्या बाजूला अंगठ्याचा. कोणीतरी घट्ट धरल्यावर उठतात तसे. उन्नतीची मूठ तेव्हा माझ्या एका बोटाला जेमतेम पुरत होती.

पुढच्या गुरुवारी मी ते दर्पणला दाखवले. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

"धरलंय ना तिनं," तो म्हणाला. "मंग बरं हाय."

त्याला आता तीन वर्षं होत आली. दर्पण काठीशिवाय चालतो. शेडला दोन खिडक्या काढल्या आहेत आणि जिवली पावसाळ्यातही पाड्यावर जात नाही. मी माझे पेशंट स्वतःहून तिकडे पाठवतो. हेतल दर रविवारी येऊन लोकांची नावं लिहून घेते.

वळ गेलेले नाहीत. दुखत नाहीत. चार बोटांची मिळून रुंदी सत्तावन्न मिलिमीटर आहे, पहिल्या दिवशी होती तेवढीच. दर महिन्याच्या एक तारखेला मी उन्नतीचा हात त्यांच्यावर ठेवून मोजतो. तिला तो खेळ वाटतो.

अजून सहा मिलिमीटर कमी पडतात.